अचौर्य व्रत आणि आपल्या मंदिरांतील प्राचीन वारसा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षे एखादी संस्था निर्वेधपणे चालविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. त्याबद्दल संस्थापकांचे पुण्यस्मरण करून आणि विद्यमान विश्वस्तांचे अभिनंदन करून मी माझ्या विषयाकडे वळतो. सुवर्णमहोत्सवात गौरवाचे बोलावे असा संकेत आहे. पण अध्यक्षांनी मला ‘आपला प्राचीन वारसा’ हा विषय दिला आणि मनमोकळेपणाने बोला असे सांगितले. म्हणून आज वारशाच्या वैभवापेक्षा त्याच्या चोरीविषयी, आणि त्या चोरीतील आपल्या वाट्याविषयी बोलण्याची अनुज्ञा घेतो.

कृष्णाकाठी माझे आजोळ आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण ते आपल्यापैकी कोणाचेही गाव असू शकेल. सुमारे पंचवीस-तीस वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री तेथील मंदिराचा कोयंडा उचकटून चोरांनी गाभाऱ्यातील पंचधातूच्या सहा लहान मूर्ती नेल्या. मूलनायकांची पाषाणमूर्ती जड म्हणून जागेवर राहिली. सकाळी गावात चूल पेटली नाही. पंचमंडळी पोलीस ठाण्यात निघाली, तेव्हा शिकलेला माणूस म्हणून मलाही बरोबर घेण्यात आले.

फौजदारांनी आस्थेने विचारपूस केली. त्यांचा पहिला प्रश्न होता, मूर्तींचे फोटो आहेत काय? नव्हते. उंची किती? एक पंच म्हणाले वीतभर, दुसरे म्हणाले त्याहून बरीच मोठी. मूर्ती कोणाच्या? त्यांतील एक पार्श्वनाथांची, असे सर्वांनी एकमुखाने सांगितले. मस्तकावर नागफणा किती? येथे मात्र मतभेद झाला. कोणी पाच म्हणाले, कोणी सात. आपणांस ठाऊक आहे की सात फणा पार्श्वनाथांच्या आणि पाच फणा सुपार्श्वनाथांच्या मानल्या जातात. म्हणजे चाळीस-चाळीस वर्षे ज्या मूर्तीसमोर आम्ही हात जोडले, ती कोणत्या तीर्थंकरांची होती हेही आम्हांला खात्रीने सांगता आले नाही. पादपीठावर काही अक्षरे कोरलेली होती, हे सर्वांना आठवत होते. ती कोणी वाचली नव्हती.

शेवटी कोपऱ्यात बसलेले वृद्ध उपाध्ये हलक्या आवाजात म्हणाले, “चोवीसीच्या मूर्तीत खालच्या ओळीतील उजवीकडून तिसऱ्या भगवंतांचा चेहरा अभिषेकाने झिजून सपाट झाला आहे. पार्श्वनाथांच्या डाव्या कोपराला टवका आहे. फणा सात.” त्या खोलीत मूर्ती ओळखणारे ते एकटेच होते, कारण रोजच्या प्रक्षाळात त्यांच्या बोटांनी ती मूर्ती वाचली होती.

फोटोसाठी आम्ही घरोघरी शोध घेतला. पंचकल्याणक महोत्सवाच्या वेळचा एक फोटो सापडला. त्यात वेदीवर मूर्ती होत्या, पण हारांखाली झाकलेल्या. पुढे उभे असलेले मान्यवर मात्र स्पष्ट दिसत होते. त्या मूर्ती परत आल्या नाहीत. उपाध्येही पुढे निवर्तले आणि त्यांच्याबरोबर त्या मूर्तींचे एकमेव वर्णनही गेले.

बंधू-भगिनींनो, चोराने मूर्ती एका रात्रीत नेल्या. त्यांची ओळख मात्र आम्ही त्यापूर्वीच हरवून बसलो होतो. आजच्या माझ्या सांगण्याचा मुख्य आशय हाच आहे.

अचौर्य हे आपल्या पाच अणुव्रतांपैकी तिसरे. आपण व्यापारी समाज आहोत. न दिलेली वस्तू घेऊ नये, एवढा अर्थ आपल्या घरातील लहान मूलही सांगते. परंतु आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, ते प्राचीन वस्तूंच्या आजच्या चोरट्या व्यापाराला एकेक करून लावून पाहिले, तर आश्चर्य वाटते. जणू हा व्यापार समोर ठेवूनच ते सांगितले असावेत.

पहिला अतिचार स्तेनप्रयोग, म्हणजे चोराला चोरीस प्रवृत्त करणे. मूर्तिचोर बहुधा स्वतःच्या बुद्धीने मंदिरात शिरत नाही. त्याच्यामागे मागणी करणारा कोणीतरी असतो. तमिळनाडूतील अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंदान हे एक लहान गाव आहे. तेथील चोळकालीन शिवमंदिरात नित्य पूजा बंद पडली होती आणि मंदिराला कुलूप होते. २००६ साली तेथील मूर्ती चोरीस गेल्या. त्यांतील नटराजाची कांस्यमूर्ती न्यूयॉर्क येथील सुभाष कपूर या विक्रेत्याकडून ऑस्ट्रेलियाच्या कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतली. या व्यापाराची रचना अशीच असते. कुलूप तोडणाऱ्याच्या हाती फारच थोडे पडते, आणि जसजशी मूर्ती गावापासून दूर जाते तसतशी तिची किंमत वाढत जाते. कपूर २०११ मध्ये जर्मनीत पकडला गेला, २०१२ मध्ये भारताच्या स्वाधीन झाला आणि २०२२ मध्ये कुंभकोणम येथील न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. नटराजाची मूर्ती २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी भारताला परत केली.

दुसरा अतिचार तदाहृतादान, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे. येथे आपण सावध झाले पाहिजे. मोठ्या शहरातील दुकानात एखादी जुनी धातूची जिनप्रतिमा दिसते. ‘परक्याच्या हाती जाण्यापेक्षा आपल्या देवघरात आलेली बरी’ या भावनेने एखादा श्रावक ती घेतो, कोणी ती घेऊन मंदिराला अर्पणही करतो. त्याचा भाव शुद्ध असतो यात शंका नाही. पण ती प्रतिमा कोणत्या गावच्या वेदीवरून उठून आली, हे त्याने विचारलेले नसते. एका गावच्या चैत्यालयातील रिकामी जागा हे दुसऱ्या गावच्या दानाचे मूळ असेल, तर त्या दानाचे पुण्य कोणाच्या खाती जमा करायचे? खरेदीदाराने प्रश्न विचारला नाही, तर विक्रेत्याला उत्तर देण्याची गरज पडत नाही, आणि चोरीचा माल घरंदाज होतो.

तिसरा अतिचार विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन करून व्यवहार करणे. आपल्या देशात पुरावस्तूंच्या निर्यातीवर १९४७ च्या कायद्याने प्रथम नियंत्रण आले. पुढे १९७२ चा पुरावस्तू व बहुमूल्य कलाकृती कायदा झाला आणि तो १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणे इत्यादी वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुने ऐतिहासिक, वाङ्मयीन वा तत्सम महत्त्वाचे हस्तलिखित, यांना हा कायदा पुरावस्तू मानतो. खाजगी व्यक्तीने अशी वस्तू देशाबाहेर नेणे हा गुन्हा असून त्याला किमान सहा महिने ते तीन वर्षे कारावास सांगितला आहे. धातूच्या व दगडाच्या मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा वस्तूंची नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करणे हे धारकाचे कर्तव्य आहे, मग तो धारक व्यक्ती असो वा मंदिराचा ट्रस्ट. त्याचप्रमाणे जमिनीत दडलेले धन सापडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन १८७८ च्या कायद्यापासून आहे.

नोंदणी म्हटली की आपल्या पंचांच्या मनात एक भीती येते. ‘सरकारी कागदावर मूर्ती चढली की सरकार ती घेऊन जाईल.’ ही भीती निराधार आहे. नोंदणीने मालकी बदलत नाही, मूर्ती वेदीवरून हलत नाही. उलट ती हलली, तर ती आपलीच होती हे सांगणारा सर्वांत भक्कम कागद म्हणजे ही नोंदणी.

चौथा अतिचार हीनाधिकमानोन्मान, म्हणजे मापात आणि वजनात फसवणूक. चोरलेली मूर्ती बंदरातून किंवा विमानतळावरून जाते ती मूर्ती म्हणून जात नाही. ‘हस्तकलेची नवी वस्तू’ अशी तिची नोंद होते, किंमत किरकोळ लिहिली जाते आणि नव्या बनावटीच्या पन्नास वस्तूंत एक जुनी वस्तू दडवली जाते. परदेशी पोहोचल्यावर तीच वस्तू हजार वर्षांची होते आणि तिची किंमत कोटीत जाते. वजनाचा दगड खोटा ठेवणाऱ्या दुकानदाराला आपण हसतो. येथे तर वस्तूचे वय, किंमत आणि नाव तिन्ही खोटे असतात.

पाचवा अतिचार प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खऱ्याच्या जागी नकली देणे. तमिळनाडूतील शिवपुरम येथे १९५१ मध्ये जमिनीत मूर्तींचा ठेवा सापडला. त्यातील नटराज १९५४ मध्ये दुरुस्तीसाठी एका मूर्तिकाराकडे देण्यात आला. त्याने हुबेहूब नवी मूर्ती घडवून मंदिराला दिली आणि मूळ मूर्ती बाजारात गेली. गावकरी भक्तिभावाने त्या नकलेची पूजा करीत राहिले. मूळ मूर्ती १९७३ मध्ये अमेरिकेतील नॉर्टन सायमन प्रतिष्ठानने घेतली आणि दीर्घ वादानंतर ती १९८६ मध्ये भारतात परत आली. नकलीपणा केवळ मूर्तीचाच नसतो, कागदाचाही असतो. श्रीपुरंदानचा नटराज विकताना, तो १९७० साली दिल्लीत एका सुदानी मुत्सद्द्याच्या पत्नीने घेतल्याचा कागद जोडला होता. म्हणजे कायदा होण्यापूर्वीच मूर्ती देशाबाहेर गेली असे दाखवायचे. हा खोटेपणा उघड कसा झाला? पुदुच्चेरी येथील फ्रेंच संस्थेने दक्षिणेतील मंदिरांची जी प्रचंड छायाचित्रे घेऊन ठेवली आहेत, त्यांत तीच मूर्ती त्याच मंदिरात १९९४ मध्ये उभी दिसत होती. एका फोटोपुढे सर्व बनावट कागद गळून पडले.

आपल्या भागातही या अतिचाराचे एक हीन रूप दिसते. अष्टधातूची मूर्ती, तांदूळ ओढणारे तांब्याचे भांडे, गुप्तधनातील नाणी अशी आमिषे दाखवून लोकांना लुबाडले जाते. जुन्या मूर्तीत सोने असते, तिच्यात अद्भुत शक्ती असते, या समजुतीने फसणारे फसतात, आणि याच समजुतीने प्रेरित होऊन खऱ्या मूर्तीही चोरल्या जातात. यातील अनेक मूर्ती परदेशी जात नाहीत, त्या भट्टीत जातात. रायगड जिल्ह्यातील दिवेआगर येथे १९९७ मध्ये सुपारीच्या बागेत सोन्याचा गणेश सापडला होता. २४ मार्च २०१२ रोजी दरोडेखोरांनी दोन राखणदारांचा जीव घेऊन तो पळविला आणि वितळवून टाकला. पुढे सोने हाती आले, न्यायालयाने २०१७ मध्ये शिक्षाही दिल्या, २०२१ मध्ये तेथे नव्याने प्रतिष्ठापनाही झाली. पण मूळ कारागिराच्या हातचा तो मुखवटा कायमचा गेला. दोन मनुष्यजीव गेले, ते तर कोणत्याही मुखवट्याहून मोठे.

आता आपल्या समाजाकडे वळू. जैन प्रतिमा या बाजारात किती आहेत, याची कल्पना आपल्याला येते ती परत आलेल्या वस्तूंवरून. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेने पंतप्रधानांच्या भेटीच्या वेळी १५७ पुरावस्तू भारताला सोपविल्या. त्यांत तीर्थंकरांच्या आणि चोवीसीच्या प्रतिमा होत्या, आणि जैन परंपरेतील वस्तूंची संख्या ९ सांगितली गेली. मार्च २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने २९ वस्तू परत केल्या, तेव्हा त्यांच्या सूचीत जैन परंपरा हा एक स्वतंत्र विभागच होता. या बातम्या वाचून आपल्याला आनंद झाला. पण मनात एक प्रश्नही आला पाहिजे. या प्रतिमांची मूळ गावे कोणती? ज्या वेदीवर त्यांचा अभिषेक होत होता, ती वेदी कोठे आहे? गावाचा पत्ता हरवलेली प्रतिमा देशात परत येते, पण ती घरी परत येतेच असे नाही.

जी प्रतिमा ओळखता येते तिचे काय होते, याची दोन उदाहरणे देतो. बिहारमधील जमुई जिल्ह्यातून भगवान महावीरांची प्राचीन प्रतिमा नोव्हेंबर २०१५ मध्ये चोरीस गेली. तिचे वजन सुमारे २५० किलो. देशभर बातमी झाली, समाज रस्त्यावर आला, आणि दहा दिवसांच्या आत ती प्रतिमा टाकून दिलेल्या अवस्थेत मिळाली. इतकी परिचित झालेली वस्तू विकायची कोणाला, हा चोरापुढे प्रश्न होता. दुसरे उदाहरण बौद्ध मूर्तीचे. १९६१ मध्ये नालंदा येथील पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयातून १४ मूर्ती चोरीस गेल्या. त्यांतील एक बुद्धमूर्ती २०१८ मध्ये युरोपातील एका कलाप्रदर्शनात विक्रीस आलेली अभ्यासकांच्या दृष्टीस पडली. पुरातत्त्व खात्याकडे तिचा जुना फोटो होता. तो जुळला आणि ५७ वर्षांनंतर लंडनच्या पोलिसांनी ती भारताच्या हाती दिली. माझ्या आजोळच्या मूर्ती आज कोठे असतील, मला माहीत नाही. पण त्या उद्या माझ्यासमोर जरी आल्या, तरी त्या आमच्या आहेत हे मी कशाच्या आधारे सिद्ध करणार?

सातारकरांना तर कागदाचे महत्त्व अलीकडेच अनुभवास आले आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ च्या जुलैमध्ये साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रदर्शनासाठी आली. साताऱ्याचे रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफ यांच्या घराण्याकडून ती त्या संग्रहालयात गेली होती. ती पाहण्यासाठी लोकांनी रांगा लावल्या. पण ती महाराजांनी प्रत्यक्ष वापरलेलीच आहेत काय, याबद्दल इतिहासकारांनी शंका घेतली, आणि खुद्द त्या संग्रहालयानेही तसा निर्वाळा दिलेला नाही. इतक्या कीर्तिमान वस्तूची ही स्थिती. वस्तू हातात असणे निराळे आणि तिचा प्रवास सिद्ध करता येणे निराळे. २०२५ मध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली. तलवार आली याचा आनंदच आहे. पण आपलीच वस्तू आपल्यालाच विकत घ्यावी लागते, ही त्या आनंदाची दुसरी बाजू आहे.

वस्तू आपल्या जागेवरून हलली की केवळ तिचे मोल जात नाही, तिची कहाणीही जाते. आपल्या जवळच्याच मिरजेचे उदाहरण घ्या. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील राजा गंडरादित्य याच्या शके १०३२ च्या, म्हणजे इसवी सन १११० च्या सुमाराच्या, ताम्रपटात अशी नोंद आहे की त्याने मिरिंज प्रदेशातील इरुकुडी येथे गंडसमुद्र नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत् या तिघांची स्थापना केली. नऊशे वर्षांपूर्वी आपल्या या भूमीत एका पाण्याच्या काठी तीन धर्मांचे देव शेजारी नांदत होते, हे आपल्याला कळते ते गाव, तलाव आणि देव यांची नावे एकत्र लिहिली गेली म्हणून. अशी एखादी अर्हत् प्रतिमा बाजारात ‘दख्खन, बारावे शतक’ एवढ्याच चिठ्ठीने उभी राहिली, तर तिच्याबरोबरचा शिव गेला, बुद्ध गेला, तलाव गेला आणि राजाचे औदार्यही गेले. उरते ते केवळ धातूचे किंवा दगडाचे मोल.

आता जे बोलणार आहे ते थोडे कटू आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. सर्वच वारसा चोर नेत नाहीत. काही आपण स्वतःच घालवतो. जीर्णोद्धार हे महापुण्याचे कार्य. पण जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुने कोरीव खांब, लाकडी तुळया, दाराच्या चौकटी, झिजलेले शिलालेख, तांब्याची जुनी यंत्रे यांचे काय झाले, याचा हिशोब किती ठिकाणी ठेवला जातो? नव्या संगमरवरी फरशीच्या पावत्या फाईलमध्ये असतात. जुने सामान मात्र कोणी ठेकेदार ट्रॉलीत घालून नेतो, किंवा मोडीत वजनावर जाते. मोडीच्या दुकानातून त्यातील निवडक वस्तू जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडे पोहोचते. येथे कुलूप तुटलेले नसते, फिर्याद होत नाही, आणि तरीही वारसा गेलेला असतो. गावाबाहेर पडलेले वीरगळ आणि निषिधीचे दगड यांची कथा याहून निराळी नाही. शास्त्रभांडारांतील सचित्र पोथ्यांचे तर एकेक पान सुटे करून विकले गेले, आणि एकाच पोथीची पाने जगातील निरनिराळ्या संग्रहांत विखुरली.

याच्या उलट आदर्श शोधण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे मूडबिद्री येथे शतकानुशतके जपली गेली. ती जीर्ण होत चालली आहेत हे जाणून चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री १०८ शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने ते सिद्धांतग्रंथ तांब्याच्या पत्र्यांवर कोरले गेले आणि ते ताम्रपट आपल्या सातारा जिल्ह्यातील फलटण येथे जतन केलेले आहेत. संपत्तीचा लवलेश ज्यांच्याजवळ नव्हता, त्या दिगंबर मुनींना जतनाची चिंता होती. त्याच मूडबिद्रीच्या सिद्धांत बसदीतून जुलै २०१३ मध्ये मौल्यवान प्रतिमांची चोरी झाली. पोलिसांनी तपास करून त्यांतील काही परत मिळविल्या. इतक्या प्रसिद्ध आणि राखणीतील स्थानी हे घडू शकते, तर आपल्या वाडी-वस्तीवरच्या एकाच कुलपातील चैत्यालयाचे काय? औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये आपला संग्रह लोकांसाठी खुला केला, त्यामागेही हाच विचार होता, की वस्तू अंधारात ठेवण्यापेक्षा दहा डोळ्यांसमोर ठेवलेली अधिक सुरक्षित.

या सर्वांवर उपाय कोणता? पहारेकरी, कॅमेरे, मजबूत दारे हवीतच, पण ती चोरी कठीण करतात, अशक्य करीत नाहीत. चोरीनंतर मूर्तीला घरी आणणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे चोरीपूर्वी केलेली नोंद. शासनाने २००७ मध्ये स्मारके व पुरावस्तूंच्या नोंदीची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. देशात सुमारे ५८ लाख पुरावस्तू असाव्यात असा अंदाज होता. २०२३ मध्ये संसदीय समितीपुढे आलेल्या माहितीनुसार त्यांतील १६ लाख ८० हजारांच्या आसपास नोंदल्या गेल्या होत्या. सरकार सर्व गावांत पोहोचेल तेव्हा पोहोचेल. आपण आपल्या गाभाऱ्यात आजही पोहोचू शकतो.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने एक संकल्प करावा, अशी माझी नम्र विनंती आहे. दोन्ही जिल्ह्यांतील ज्या ज्या मंदिरांशी आपला संबंध आहे, तेथील प्रत्येक प्रतिमेची, यंत्राची आणि पोथीची एक नोंदवही करावी. प्रत्येक प्रतिमेचे हार-फुले काढून पुढून, मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो घ्यावेत. शेजारी मोजपट्टी ठेवावी. उंची, रुंदी, वजन, धातू किंवा पाषाण, लांछन, फणांची संख्या लिहावी. पादपीठावरील लेखाचा जवळून फोटो घ्यावा आणि जाणकारांकडून तो वाचून घ्यावा. अशा लेखांत बहुधा प्रतिष्ठेचे वर्ष, संघ, गण आणि दात्याचे नाव असते. आपल्याच पूर्वजांचे नाव तेथे असण्याचा संभव आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे टवके, झीज, जोड, डाग अशा विशेष खुणा लिहून ठेवाव्यात. जगभरातील पोलीस आणि संग्रहालये यांच्यासाठी १९९७ मध्ये ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा जो सर्वमान्य नमुना तयार झाला, त्यातही विशेष खुणा हा एक रकाना आहे. आमच्या उपाध्यांनी पोलीस ठाण्यात सांगितले ते दुसरे काय होते?

हे काम पाठशाळेतील मुलामुलींना द्यावे. आज प्रत्येक घरात फोटो काढणारा फोन आहे, त्यामुळे खर्चाची सबब उरलेली नाही. मुलांबरोबर गावातील उपाध्यांना आणि वृद्ध श्राविकांना बसवावे, कारण वेदीवरची जुनी मांडणी आणि प्रतिमांच्या आठवणी त्यांच्याजवळ आहेत. फोटो मात्र मोबाइलवरील गटांत फिरवू नयेत, कारण चोराला यादी आपण पुरवायची नाही. नोंदवहीच्या तीन प्रती कराव्यात. एक मंदिराजवळ, एक ट्रस्टजवळ आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी. ज्या वस्तू कायद्याच्या कक्षेत येतात त्यांची रीतसर नोंदणी करावी. वर्षातून एकदा, पर्युषण पर्वाच्या आधी, पंचांनी नोंदवही हाती घेऊन प्रत्येक प्रतिमा प्रत्यक्ष पडताळावी. जीर्णोद्धाराचा ठराव करताना ‘जुन्या वस्तूंचे काय करणार’ हे एक कलम ठरावात असावेच. आणि आपल्यापैकी कोणीही, कितीही शुद्ध भावाने, पूर्वपीठिका न विचारता जुनी प्रतिमा विकत घेऊ नये.

बंधू-भगिनींनो, मोक्षमार्गात दर्शन, ज्ञान आणि चारित्र या तिन्हींची जोड सांगितली आहे. मोठ्या शब्दांचा मी लहान अर्थ करतो आहे, त्याबद्दल विद्वानांनी क्षमा करावी. प्रतिमेचे दर्शन आपण रोज घेतो. तिच्याविषयीचे ज्ञान आपण मिळविलेले नाही. आणि ज्ञान नसल्यामुळे तिच्या रक्षणाचे आचरण आपल्याकडून घडत नाही. पन्नास वर्षांपूर्वी या ट्रस्टच्या संस्थापकांनी मंदिरे सांभाळण्याची जबाबदारी घेतली. पुढील पन्नास वर्षांनंतर शताब्दी साजरी होईल, तेव्हा येथे आपल्यापैकी फारच थोडे असतील. त्या वेळी कोणा फौजदाराने एखाद्या तरुण पंचाला विचारले, “मूर्तीवर फणा किती?”, तर त्याने गोंधळून इकडेतिकडे पाहू नये. त्याने नोंदवही उघडून समोर ठेवावी, एवढीच माझी इच्छा आहे.

माझ्या आजोळच्या वेदीवर ती सहा स्थाने आजही मोकळी आहेत. तेथे नव्या मूर्ती बसवाव्यात, असे अनेकदा ठरले. पण मूळ मूर्ती कधीतरी येतील, या आशेने वृद्ध मंडळींनी ती जागा भरू दिली नाही. त्यांची आशा मला मोडवत नाही. निदान इतर कोणत्याही गावी अशी रिकामी जागा निर्माण होऊ नये, यासाठी आपण आजच कामास लागू या.